शहरात पन्नास देशांची माणसं आहेत, पण त्यांचा स्वयंपाक शिकायचा कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्षभरापूर्वी तुम्ही एका मोठ्या शहरात राहायला आलात. शेजारी आणि ऑफिसातली मंडळी निरनिराळ्या देशांची आहेत. त्यांच्या डब्यातलं खाऊन पाहिलंत आणि हे आपल्यालाही करता यावं असं वाटलं. इंटरनेटवर शोधलं तर ढीगभर वर्ग निघाले, सगळ्यांचे फोटो सुरेख, सगळ्यांना पाच तारे. त्यातला डम्पलिंगचा एक वर्ग केलात. संध्याकाळ मजेत गेली, पण घरी तो पदार्थ एकदाही जमला नाही. आता पुन्हा पैसे भरण्याआधी चांगला वर्ग कुठे शोधायचा आणि ओळखायचा कसा, हे तुम्हाला हवं आहे.

मी २२ वर्षं हौशी लोकांना स्वयंपाक शिकवते आहे, आणि त्याहून जास्त वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकते आहे. तुमची हकिकत वाचून मला वाटलं की शोधण्यात तुम्ही कमी पडला नाहीत. वर्ग मिळाला, शिकवणाऱ्याला पदार्थही येत असणार. पण तुम्हीच लिहिलंय की एका टेबलाभोवती १४ जण उभे होते आणि तुमच्या वाट्याला एक पारी लाटून चार कळ्या पाडणं एवढंच आलं. पीठ आधीच मळून ठेवलेलं, सारण तयार, वाफवायचं काम मदतनिसाकडे. तुमच्या हाताकडे कुणी पाहिलंच नाही. घरी अडलं ते तिथे.

पाककृती आज कुठेही मिळते, व्हिडिओ तर वाटेल तितके आहेत. वर्गाला जायचं ते एका गोष्टीसाठी: आपण करत असताना जाणत्या माणसाने बघावं आणि चुकतंय तिथे हात धरावा. एका जपानी बाईंकडे मी तांदळाच्या पिठाचे उकडलेले छोटे गोळे शिकायला गेले होते. पीठ भिजवताना विचारलं, पाणी किती घालू? त्या काही बोलल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी माझ्याच कानाच्या पाळीला लावला आणि मग परत पिठाला. पीठ पाळीइतकं मऊ झालं की थांबायचं. जपानी घरांत हे माप सर्रास सांगतात, पुस्तकांतही छापलेलं असतं, आणि मी ते आधी वाचलेलं होतं. तरीही माझं पीठ घट्ट होतं, कारण मला मऊ वाटलं तिथेच मी थांबले होते, पाळी चाचपून पाहिलीच नव्हती. त्यांनी वरून दीड चमचा पाणी घातलं आणि माझ्याकडून पुन्हा मळून घेतलं. तेव्हापासून ते पीठ माझं बिघडलेलं नाही.

आता कोणता वर्ग घ्यायचा हे बऱ्याच अंशी तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. मित्रमैत्रिणींबरोबर एक छान संध्याकाळ घालवायची आहे, एखादा आवडता पदार्थ हातात बसवायचा आहे, की एका घराण्याचा स्वयंपाक मुळापासून शिकून रोजच्या जेवणात आणायचा आहे? गाण्यात घराणी असतात तशी स्वयंपाकातही असतात, आणि एका संध्याकाळी घराणं शिकता येत नाही. पहिल्या हेतूसाठी तुम्ही केलात तसला वर्ग उत्तम आहे, त्यात फसवणूक काहीच नाही. दुसऱ्यासाठी तीनचार तासांची एक-दोन सत्रं पुरतात, पण माणसं कमी हवीत. तिसऱ्यासाठी आठवड्याला एक असे निदान सहा-आठ आठवडे हवेत, किंवा मग एखाद्या घरात जाणंयेणं हवं. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे कुठेतरी आहात.

पातळी चुकली तरी गोंधळ होतो. फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकांमुळे पुढे गाजलेल्या अमेरिकन लेखिका ज्युलिया चाइल्ड १९४९ मध्ये पॅरिसच्या ल कॉर्दों ब्ल्यू या पाकशाळेत दाखल झाल्या, तेव्हा त्यांना आधी गृहिणींच्या प्राथमिक वर्गात बसवलं होतं. तो फारच सोपा वाटला म्हणून त्यांनी बदलून मागितलं आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या व्यावसायिक तुकडीत जाऊन बसल्या. १८९५ पासून चालत आलेल्या नामांकित शाळेतही असं होतं, तर बाकीच्या ठिकाणी काय सांगावं. पहिल्या तासात वर्ग आपल्यासाठी नाही असं वाटलं तर तोंड उघडून सांगा. वरचा वर्ग जितका मागता येतो तितकाच खालचाही. सुरी कशी धरायची हे येत नसेल तर आधी तेच शिका, कोणत्याही देशाचं जेवण करा, ते उपयोगी पडतंच.

शोधायचं कुठे? बुकिंगच्या संकेतस्थळावरून सुरुवात करू नका. ज्या देशाचं जेवण शिकायचंय त्या लोकांचं किराणा दुकान शोधा. अशा शहरात ते असतंच, बहुतेकदा एखाद्या गल्लीत, आणि पाटी त्यांच्याच लिपीत असते. आठवड्याची खरेदी करायला लोक येतात त्या वेळी जा, थोडं काहीतरी विकत घ्या आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारा. "इथे स्वयंपाकाचे वर्ग कुठे आहेत?" असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुधा "माहीत नाही" असंच येतं. "हे पीठ इथून सगळ्यात जास्त कोण नेतं?" असं विचारा. सणासुदीला ऑर्डर घेणारी, लग्नाकार्याला जेवण करणारी, लेकीसुनांना शिकवलेली एखादी बाई किंवा एखादा आचारी त्या उत्तरातून निघतो. मला आजवर भेटलेल्या उत्तम शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक असे दुकानातून मिळाले, आणि त्यातल्या एकाचीही जाहिरात कुठे नव्हती. दुकानाच्या दारावर चिकटवलेले कागदही वाचत चला. लिपी येत नसेल तर फोटो काढून कुणाकडून वाचून घ्या.

त्याखेरीज सार्वजनिक ग्रंथालयं, प्रौढशिक्षण केंद्रं आणि वस्तीतली समाजकेंद्रं पाहा. यांचे वर्ग दिसायला साधे असतात, पण ते सत्रभर चालतात आणि तीच माणसं दर आठवड्याला येतात, त्यामुळे शिक्षकाला तुमची चूक लक्षात राहते. अनेक देश परदेशी शहरांत आपली सांस्कृतिक केंद्रं चालवतात. भाषेच्या वर्गांबरोबर तिथे कधीकधी स्वयंपाकाचेही वर्ग असतात. काही ठिकाणी स्थलांतरितांकडूनच शिकण्याची पद्धतशीर सोय झाली आहे. लंडनमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या मायग्रेटफुल या संस्थेत निर्वासित आणि स्थलांतरित आचारी आपापल्या देशाचं जेवण शिकवतात. न्यूयॉर्कच्या लीग ऑफ किचन्समध्ये स्थलांतरित स्त्रिया स्वतःच्या घरी शिकवत आल्या आहेत. तुमच्या शहरात या धर्तीवरचं काही असेल तर रांगेत पहिला नंबर त्याचा लावा. आणि गुरुद्वारा असेल तर लंगरमध्ये सेवेला कुणीही जाऊ शकतं. तिथे शिकवणी म्हणून काही नसतं, पण दोनशे पोळ्या लाटल्यावर मनगटाला जे कळतं ते वर्गात सहसा कळत नाही.

देशाचं नाव घेऊन शोधत असाल तर जरा थांबा. देश फार मोठा शब्द आहे. कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं ते २०२० मध्ये, अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया अशा चार देशांच्या नावाने मिळून. त्या चौघांत आणि प्रत्येकाच्या आतल्या घराघरांतही हात वेगळा. चीन, मेक्सिको, इटली यांचं तर काही विचारूच नका. तेव्हा ज्या डब्यातलं आवडलं त्या व्यक्तीला गाव आणि प्रांत विचारा, पदार्थाचं नाव त्यांच्या लिपीत लिहून घ्या आणि त्या नावाने शोधा. वेगळीच माणसं समोर येतील.

दोन-तीन नावं हातात आली की फोन करा. फोनच का, तर लिहून विचारल्यावर गोलमोल उत्तर येऊ शकतं, बोलताना माणूस कळतो. मी पहिल्यांदा विचारते, एका शेगडीवर किती जण? माझ्या स्वतःच्या वर्गात आठाच्या वर घेत नाही, आणि एका शेगडीवर दोघंच. चारांच्या पुढे गेलं की दोघं करतात आणि बाकीचे बघतात. मग विचारते की सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हाताने कोणता पदार्थ होईल. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: आधी काय काय तयार करून ठेवणार आहात? यात लपवण्यासारखं काही नसतं. तयारी करावीच लागते, पण काय तयार आहे त्यावरून आपण काय शिकणार नाही ते कळतं.

यासाठी पदार्थाला लागणारा वेळ माहीत असावा. इथिओपियाच्या इंजेराचं, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या जाळीदार घावनाचं, उदाहरण घ्या. टेफ या बारीक धान्याचं पीठ जुन्या आंबवणाचं पाणी घालून भिजवतात आणि दोन-तीन दिवस आंबू देतात. मग त्यातलं थोडं पीठ पाण्यात शिजवून परत त्यातच मिसळतात. तेव्हा कुठे तव्यावर झाकण ठेवून एकाच बाजूने भाजताना वर सुरेख जाळी पडते. हे दोन तासांत कसं शिकवणार? नुसतं तव्यावर ओतायला शिकवलं तर घरी आंबवण्यातच हात टेकाल. मी शिकले त्या बाईंनी ओट्यावर तीन भांडी मांडली होती: आज भिजवलेलं, कालचं आणि परवाचं. प्रत्येकाचा वास घ्यायला लावला, वर साठलेलं पिवळसर पाणी दाखवलं, चमच्याने ढवळून बुडबुडे दाखवले. कालच्या भांड्यापाशी विचारलं, "आता भाजशील?" मी हो म्हटलं. त्यांनी भाजू दिलं. जाळी पडली नाही. मग परवाचं दिलं, आणि ओततानाच बुडबुडे फुटून भोकं उमटायला लागली. चूक करायला वाव होता म्हणून तो फरक माझ्या डोळ्यांत बसला. मेक्सिकोच्या मक्याच्या भाकरीचंही तसंच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सालं सुटतात, मग वाटतात. चुन्याने पीठ एकजीव मळलं जातं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. वर्ग सकाळचा असेल तर आदल्या रात्रीचं काम कोण दाखवणार, हे विचारून घ्या. ज्यांच्याकडे याचं नीट उत्तर आहे त्यांच्याकडे जा.

अभिप्राय वाचताना तारे मोजू नका. "खूप मजा आली", "जागा सुंदर" हे शिक्षणाबद्दल काही सांगत नाही. "घरी दोनदा केलं", "माझं जळालं तेव्हा त्यांनी का ते सांगितलं" असं एखादं वाक्य सापडलं तर तो वर्ग बघण्यासारखा आहे.

तुम्ही शाकाहारी आहात असं ओघात लिहिलंय, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मनस्ताप होऊ शकतो. "शाकाहारी" या शब्दाचा अर्थ प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळा असतो. जपानी भाजीच्या रस्स्याचं मूळ पाणी, म्हणजे दाशी, बहुतेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांचं असतं. थाई आणि व्हिएतनामी भाज्यांत माशाचा सॉस, कोरियन किमचीत (आंबवलेल्या भाजीत) खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस, वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे आणि अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट. यांतलं काही आहे हे शिकवणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही, कारण त्यांच्या लेखी ते मीठमसाल्यात जमा असतं. म्हणून "मी शाकाहारी आहे" एवढ्यावर थांबू नका, एकेका जिन्नसाचं नाव घ्या, आणि तेही आठ दिवस आधी. आधी कळलं तर चांगला शिक्षक पर्याय शोधतो. जपानी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांसमासे मुळातच नसतात, तिथे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांचं दाशी करतात. ऐन वेळी कळलं तर तो बिचारा सॉस वगळून देतो, चव बसत नाही, आणि हा पदार्थ असाच लागतो असा तुमचा कायमचा गैरसमज होतो. कशाची ॲलर्जी असेल तर तेलाची कढई, सुरी आणि पाट वेगळे मिळतील का हेही विचारा.

घरच्या शेगडीचाही विचार करा. हॉटेलच्या स्वयंपाकघरात वॉकखालची (चिनी कढईखालची) आच घरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते. तिथे शिकलेलं परतणं घरी तसंच करायला गेलात तर भाजी परतली जाण्याऐवजी उकडते. घरी एका वेळी कमी माल घालायचा, दोन हप्त्यांत परतायचं. हे वर्गात सांगितलं नाही तर आपण विचारायचं: "माझ्याकडे साधा गॅस आहे, मी काय बदलू?" या प्रश्नावरून शिक्षकाची पारखही होते. नुसती कृती पाठ असलेला माणूस इथे अडखळतो. जाणता माणूस कारण सांगतो, की कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही, आणि खरपूस रंग व चव धरायला साधारण १४० अंश तरी लागतात. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. ते नाव शिक्षकाला माहीत असण्याची गरज नाही. "गर्दी केलीस तर पाणी सुटेल, मग रंग येणार नाही," एवढं आजी म्हणाली तरी तिला सगळं कळलेलं आहे.

वर्गात गेल्यावर फोटो कमी काढा आणि छोटा वजनकाटा जवळ ठेवा. अनुभवी हात अंदाजाने घालतात, "किती?" विचारलं की "पुरेल इतकं" म्हणतात, आणि ते खरंच सांगत असतात. त्यांना मोजायला लावलं तर हात बिचकतो. त्याऐवजी परवानगी घेऊन पिठाचा डबा आधी काट्यावर ठेवा, त्या घेऊन झाल्या की पुन्हा ठेवा. फरक म्हणजे त्यांचा अंदाज. मिठाचं, तेलाचं, पाण्याचं असंच. भाषा येत नसली तरी हे जमतं. त्याच्या पुढे लिहा की त्या कशावरून थांबल्या: वास बदलला, तेल कडेने सुटलं, आवाज मंदावला. शेवटचं ते वजनापेक्षा जास्त कामाला येतं.

मी शिकवायला लागले तेव्हा तीन तासांत सात पदार्थ दाखवत असे. लोक खूश होऊन जात. एकदा महिन्याभराने एकेकाला फोन करून विचारलं, घरी काय केलंत? जवळजवळ कुणीच काही केलेलं नव्हतं. मला ते फार लागलं, कारण मी मनापासून शिकवत होते. तेव्हापासून दोनच पदार्थ घेते. पहिला सगळे मिळून करतो, दुसरा प्रत्येकाने एकट्याने करायचा आणि मी फक्त हिंडत चव घ्यायची. तुम्ही निवडाल त्या वर्गात पदार्थांची यादी लांबलचक असेल तर हे आठवा. आणि घरी आल्यावर चार दिवसांच्या आत तोच पदार्थ करा, जमल्यास तीच पिठं, तेच दुकान. आठवडा उलटला की हात विसरतो.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा: डब्यातला आवडलेला एकच पदार्थ निवडा, त्याचं गाव विचारा, त्या लोकांच्या किराणा दुकानात जा, मिळालेल्या नावांना फोन करून शेगडी, हात आणि आधीची तयारी विचारा, जिन्नसांची नावं घेऊन शाकाहाराचं स्पष्ट करा. एका सत्राचा वर्ग आवडला तर त्याच शिक्षकाकडे पुन्हा जा. दर वेळी नवा देश धरण्यापेक्षा हे बरं.

एक राहिलं. दुकानातून ओळख होऊन एखाद्या घरी शिकायला गेलात तर तुम्हाला पाहुण्यासारखं वागवतील, जेवू घालतील, आणि पैशांचा विषय काढला तर नको म्हणतील. पहिल्या भेटीला काहीतरी भेट न्या. पण शिकायला पुन्हा जाणार असाल तर विषय तुम्हीच काढा, घरी पोचण्याआधी, फोनवर. शहरातल्या वर्गांचा दर तुम्हाला आता ठाऊक आहे, त्याहून कमी देऊ नका, आणि जिन्नसांचा खर्च वेगळा धरा. त्यांची कृती कुठे लिहून टाकायची असेल तर तेही विचारा. काहींना आनंद होतो, काहींना ती घरातच राहावीशी वाटते. माझ्याकडच्या दोन वह्या अशा आहेत, त्यांतलं मी करते आणि खाऊ घालते, पण शिकवत नाही, कारण तसा शब्द दिलेला आहे.